कॅमेऱ्यातला ‘तारा’ आणि आकाशातला तारा

विशेष प्रतिनिधी, मुंबई

संकष्टी चतुर्थीच्या रात्री चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या गिरगाव, दादर, लालबागच्या गच्च्यांवर आता पूजेच्या तबकाबरोबर मोबाइलही असतो. समोरच्या इमारतीवरून चंद्र वर आला की अर्घ्य दिले जाते आणि लगोलग छायाचित्रही टिपले जाते. अशा छायाचित्रात पुष्कळदा चंद्रापासून काही अंतरावर हिरवट किंवा निळसर झाक असलेला एक ठळक ठिपका उमटलेला असतो. डोळ्यांना तो दिसलेला नसतो. छायाचित्रात मात्र तो स्पष्ट असतो. मग हा कोणता ग्रह, नवा तारा तर नव्हे, एखादे यान आहे काय, अशी चर्चा सुरू होते आणि छायाचित्र घरोघरी फिरू लागते. बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर साधे असते : तो ठिपका आकाशात नाही, कॅमेऱ्यात आहे.

मात्र प्रत्येक वेळी ते तसे असतेच असे नाही. २४ मार्च २०२३ रोजी संध्याकाळी चंद्रकोरीला अगदी लागून एक तेजस्वी बिंदू दिसला आणि देशभरातील मोबाइलांत तो टिपला गेला. तो बिंदू खराच होता. तो शुक्र होता. म्हणजे चंद्राजवळचा ठिपका दिसताच त्यावर विश्वास ठेवणे जितके चुकीचे, तितकेच तो पाहताच झटकून टाकणेही चुकीचे. हौशी आकाशछायाचित्रकाराचे खरे कौशल्य या दोहोंतील भेद ओळखण्यात आहे. दुर्बीण विकत घेता येते, कॅमेराही घेता येतो. हा विवेक मात्र सरावानेच येतो.

हा प्रश्न केवळ हौसेपुरता मर्यादित नाही. धूमकेतू, लघुग्रह आणि स्फोट पावणारे तारे यांच्या शोधात हौशी निरीक्षकांचा वाटा आजही मोलाचा आहे. नवी वस्तू दिसल्याचे कळवले गेले की तिच्या पडताळणीसाठी अन्य निरीक्षकांना आपल्या दुर्बिणी तिकडे वळवाव्या लागतात. सूचना खोटी निघाली तर त्यांचा वेळ वाया जातो आणि ती देणाऱ्याच्या पुढच्या सूचनेकडेही संशयाने पाहिले जाते. दुसऱ्या टोकाला, अशा छायाचित्रांतून भीतीही पसरते. २०१२च्या डिसेंबरात ‘निबिरू’ नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळणार अशी आवई जगभर उठली होती, तेव्हा पुरावा म्हणून फिरत असलेली ‘दुसऱ्या सूर्या’ची छायाचित्रे ही भिंगातील परावर्तनांचीच होती. असा कोणताही ग्रह नाही, हे अमेरिकेच्या ‘नासा’ला जाहीरपणे सांगावे लागले होते.

साडेतीनशे वर्षांचा जुना घोळ

यंत्रातील प्रतिमा आकाशातील समजण्याची चूक कॅमेऱ्याच्याही आधीची आहे. सतराव्या शतकात जिओव्हानी डोमेनिको कॅसिनी या नामवंत ज्योतिर्विदाने १६७२ आणि १६८६ साली शुक्राजवळ एक अंधूक सोबती पाहिल्याची नोंद केली. शुक्राला चंद्र आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला. १७४० मध्ये इंग्लंडमधील दुर्बीणकार जेम्स शॉर्ट यांनाही तो ‘दिसला’. १७६६ साली व्हिएन्नाचे मॅक्सिमिलियन हेल यांनी या चंद्राचे रहस्य उलगडले. शुक्राचा प्रखर प्रकाश निरीक्षकाच्या डोळ्यावरून परावर्तित होऊन दुर्बिणीत परत जातो आणि तेथून दुसरी, फिकी प्रतिमा तयार होते, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८८७ मध्ये बेल्जियमचे पॉल स्ट्रूबांट यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांतील अनेक नोंदी शुक्राजवळून दिसणाऱ्या ताऱ्यांच्या असल्याचे आढळले. शुक्राला चंद्र नाही. तरीही त्या न-चंद्राला ‘नीथ’ हे नाव मात्र मिळून गेले!

ही कथा बोधप्रद आहे, कारण चुकणारी माणसे अडाणी नव्हती. ती त्या काळातील सर्वोत्तम निरीक्षकांपैकी होती. त्यांच्याकडे दुसऱ्या यंत्राची साक्ष नव्हती, एवढेच.

ही साक्ष किती महत्त्वाची, हे महाराष्ट्राने १८९८ साली जवळून पाहिले. त्या वर्षी २२ जानेवारीला झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून देशात शिरला होता. नॉर्मन लॉकियर यांचा तळ विजयदुर्गावर होता. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचे पथक होते. तेथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही निरीक्षणे केली. नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश हौशी निरीक्षकांची तुकडी होती आणि तिच्यातील अ‍ॅनी माँडर यांनी काचेच्या पट्टीवर सूर्याच्या किरीटाचा, त्या काळी अपूर्व मानला गेलेला लांबलचक झोत टिपला. ग्रहणाच्या वाटेवर ठिकठिकाणी तळ पडण्यामागे हवामानाचा धोका टाळणे हा एक हेतू होताच; पण काचपट्टीवरील एखादी खूण किरीटाची की काचेच्या लेपातील दोषाची, हे ठरवण्यासाठी दूरवरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही, हाही त्याचा मोठा लाभ होता.

काचपट्ट्यांचा हा वाद आजही संपलेला नाही. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या १२ एप्रिल १९५० रोजीच्या एका छायाचित्रात नऊ बिंदू दिसतात. ते आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत नाहीत. २०२१ साली बिआत्रिस व्हिलारोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांकडे लक्ष वेधले. त्यानंतर २०२४ मध्ये अन्य संशोधकांनी, असे बिंदू लेपातील दोषांमुळेही उमटू शकतात, असे प्रतिपादन केले. एका छायाचित्रातील ठिपक्यांवर सत्तर वर्षांनंतर तज्ज्ञांतही मतभेद होऊ शकतात, हे गच्चीवरून मोबाइलने टिपलेल्या ठिपक्याबद्दल छातीठोकपणे बोलणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

भिंगातील भूत

कॅमेऱ्यातील फसव्या प्रतिमांमध्ये सर्वाधिक आढळणारी म्हणजे ‘भूतप्रतिमा’. कॅमेऱ्याच्या पुढच्या नळीत एक नव्हे, अनेक भिंगे असतात. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. भिंगांवर विशेष लेप देऊन हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणले जाते. पण ते शून्य होत नाही. एका पृष्ठभागावरून मागे फिरलेला प्रकाश दुसऱ्यावरून पुन्हा पुढे येतो आणि संवेदकावर दुसरी प्रतिमा उमटवतो. लेपामुळे काही रंग अधिक प्रमाणात परततात, म्हणून ही प्रतिमा बहुधा हिरवी, निळी किंवा जांभळट असते.

इतका थोडा प्रकाश डोळ्यांत भरण्याइतका कसा ठरतो? हिशेब सोपा आहे. अर्ध्या टक्क्याची दोन परावर्तने झाली की मूळ प्रकाशाचा चाळीस हजारावा भाग उरतो. पौर्णिमेच्या चंद्राची दृश्यप्रत सुमारे उणे १२.७ असते. त्याचा चाळीस हजारावा भाग एका बिंदूत एकवटला तर त्याची प्रत सुमारे उणे १.२ होईल, म्हणजे आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा असलेल्या व्याधाच्या जवळपास! मुंबईच्या उजळलेल्या आकाशात जिथे मोजकेच तारे दिसतात, तिथे असा ठिपका लक्ष वेधून घेणारच.

भूतप्रतिमा ओळखण्याची खूण मात्र भूमितीइतकी स्वच्छ आहे. चित्राच्या मध्यबिंदूतून चंद्राकडे एक रेषा ओढावी आणि ती तेवढीच विरुद्ध दिशेला वाढवावी. ठिपका त्या रेषेवर सापडला तर तो भूतप्रतिमा असण्याची शक्यता दाट आहे. खात्री करायची असेल तर कॅमेरा थोडा हलवून दुसरे छायाचित्र घ्यावे. चंद्र चौकटीत डावीकडे सरकला आणि ठिपका उजवीकडे गेला, तर निकाल लागला. खरा तारा चंद्राची साथ सोडून असा उलटा पळत नाही.

या भुताचा एक उपयोगही आहे. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी मोबाइलच्या छायाचित्रात सूर्य केवळ पांढरा गोळा दिसतो. पण त्याच चित्रात पलीकडे उमटलेल्या फिक्या भूतप्रतिमेत सूर्याची कोर, उलटी का होईना, स्पष्ट दिसते. २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण मुंबईत खंडग्रास होते. २ ऑगस्ट २०२७ रोजीही, पावसाळी ढगांनी वाट दिली तर, मुंबईतून खंडग्रास ग्रहण दिसेल. त्या वेळी ‘सूर्याजवळ चंद्रकोर दिसली’ असे कोणी सांगू लागला तर ती याच प्रकारची असेल. अर्थात, योग्य गाळणीशिवाय सूर्याकडे पाहणे किंवा कॅमेरा रोखणे डोळ्यांना आणि संवेदकाला घातक आहे, हे वेगळे सांगायला नको.

शहरातील छायाचित्रकाराला भूतप्रतिमांसाठी चंद्राचीही गरज नसते. मरीन ड्राइव्हची दिव्यांची माळ, सागरी सेतूवरील रोषणाई, परळ-लालबागच्या गगनचुंबी इमारतींच्या माथ्यांवरील लाल दिवे यांतील प्रत्येक दिवा आपली भूतप्रतिमा उमटवू शकतो. गिरगाव चौपाटीवरून पश्चिमेकडील शुक्र टिपताना चौकटीच्या कोपऱ्यात रस्त्याचा दिवा आला, तर समोरच्या कोपऱ्यात नवा ‘ग्रह’ उगवलाच म्हणून समजा. मनोऱ्यातील बंद खिडकीच्या काचेआडून छायाचित्र घेतले तर काचेच्या दोन्ही पृष्ठभागांमुळे चंद्राशेजारी दुसरा चंद्रही दिसतो. चाळीच्या उघड्या गॅलरीतून छायाचित्र घेणाऱ्याला निदान ही अडचण नाही.

तापलेले ठिपके

दुसरा प्रकार संवेदकातच जन्म घेतो. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही घटक असतात. त्यांवर प्रकाश पडला नाही तरी उष्णतेमुळे त्यांत थोडाफार विद्युतभार साठत राहतो. काही घटकांत तो इतरांपेक्षा फार वेगाने साठतो आणि काळ्या पार्श्वभूमीवर ते घटक ताऱ्यासारखे चमकतात. त्यांना ‘हॉट पिक्सेल’ म्हणतात.

तापमान साधारण सहा अंशांनी वाढले की हा नको असलेला भार दुप्पट होतो. मुंबईत जानेवारीच्या रात्री पारा १७-१८ अंशांवर असतो, तर मे महिन्यात तो मध्यरात्रीही २७-२८ अंशांवर राहतो. या दहा अंशांच्या फरकाने तोच कॅमेरा उन्हाळ्यात सुमारे तिप्पट ‘तारे’ निर्माण करण्याच्या स्थितीत असतो. सतत चालू राहिल्याने कॅमेरा स्वतःही तापतो, ते वेगळेच. म्हणूनच गंभीर आकाशछायाचित्रणासाठी बनवलेल्या कॅमेऱ्यांत संवेदक थंड ठेवण्याची व्यवस्था असते. संवेदक ३० अंशांऐवजी शून्य अंशावर ठेवला तर हा भार सुमारे बत्तीसपट घटतो.

हे ठिपके ओळखण्याच्या खुणा तीन आहेत. पहिली, रंग. संवेदकाच्या प्रत्येक घटकावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते. त्यामुळे एकच घटक बिघडला की ठिपका निव्वळ लाल, निव्वळ हिरवा किंवा निव्वळ निळा दिसतो. खऱ्या ताऱ्याचा प्रकाश अनेक घटकांवर पसरतो, त्याच्या कडा मऊ असतात आणि मधोमध तो पांढरट असतो. दुसरी खूण, गती. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणजे दोन मिनिटांत चंद्रबिंबाच्या रुंदीइतके. तिपाईवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याने अर्ध्या मिनिटाचे छायाचित्र घेतले तर तारे छोट्या रेघांसारखे दिसतात. त्या रेघांच्या गर्दीत एखादा टोकदार, नेमका बिंदू असेल तर तो आकाशाबरोबर फिरत नाही, कॅमेऱ्याबरोबर स्थिर आहे. तिसरी खूण सर्वांत सोपी : भिंगावर टोपण लावावे आणि तेवढ्याच वेळेचे छायाचित्र घ्यावे. छायाचित्रकार त्याला ‘डार्क फ्रेम’ म्हणतात. टोपण लावूनही जो तारा दिसतो, तो तारा नव्हे.

येथे एक सापळा आहे. ताऱ्यांचा माग घेणाऱ्या यंत्रावर कॅमेरा बसवून घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकमेकांवर रचली जातात. त्या वेळी तारे जुळवून घेतले जातात आणि कॅमेऱ्यातील स्थिर ठिपके मात्र चित्रागणिक थोडे सरकतात. परिणामी ते आकाशातून सावकाश चालणाऱ्या लघुग्रहासारखे भासतात. असे भासणारे ‘लघुग्रह’ एकाच दिशेने, एकाच अंतराने, झुंडीने चाललेले आढळले तर दोष संवेदकाचा समजावा. लघुग्रह असे कवायत करीत नाहीत.

विश्वकिरणांचा मारा

तिसरा प्रकार खरोखरच आकाशातून येतो; पण ताऱ्याच्या रूपाने नाही. बाह्य अवकाशातून येणारे भारित कण पृथ्वीच्या वातावरणावर आदळतात आणि त्यातून ‘म्यूऑन’ नावाचे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक कण, असे त्यांचे प्रमाण असते. ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या संवेदकाचे क्षेत्रफळ साडेआठ चौरस सेंटिमीटरहून थोडे अधिक भरते. म्हणजे पाच मिनिटांच्या छायाचित्रादरम्यान ढोबळमानाने चाळीस कण त्यातून आरपार जातात. संवेदकात सरळ घुसलेला कण तेजस्वी बिंदू सोडतो, तिरका घुसलेला छोटी रेघ सोडतो. ती रेघ उल्केसारखी दिसते.

योगायोग असा, की जे कण छायाचित्रकाराला उपद्रव वाटतात, त्यांच्याच अभ्यासाने मुंबईतील आधुनिक विज्ञानाचा एक महत्त्वाचा अध्याय सुरू झाला. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या आणि पुढे कुलाब्यात स्थिरावलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आरंभीच्या काळापासून विश्वकिरणांवर संशोधन केले. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर जाऊन प्रयोग केले. एकाच्या छायाचित्रातील डाग हा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतील शोध असतो, तो असा.

विश्वकिरणाचा ठिपका फक्त एकाच चित्रात असतो, पुढच्या चित्रात नसतो. हीच त्याची खूण आणि हाच त्याचा धोका. कारण क्षणभर चमकून विझणाऱ्या खऱ्या घटनाही एकाच चित्रात येतात. म्हणून एका चित्रावरून निर्णय करायचा नाही, हा या क्षेत्रातील पहिला नियम मानला जातो. विद्यार्थ्यांच्या लघुग्रहशोध मोहिमांतही हाच धडा प्रथम गिरवला जातो. हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीने थोड्या थोड्या अंतराने घेतलेली चार चित्रे विद्यार्थ्यांना दिली जातात आणि चारही चित्रांत एका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकणारा बिंदूच नोंदवण्याजोगा ठरतो.

किरणांची फुले, धुळीची कडी

ताऱ्याभोवती दिसणारे टोकदार किरण हेही ताऱ्याचे नसतात. प्रकाश अडथळ्याच्या कडेवरून जाताना वळतो, त्यामुळे ते उमटतात. परावर्तक दुर्बिणीत लहान आरसा पेलणाऱ्या चार पट्ट्या असतील तर चार किरण दिसतात. कॅमेऱ्याच्या झडपेला सहा पाती असतील तर सहा, आणि पात्यांची संख्या विषम असेल तर तिच्या दुप्पट. जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत तेजस्वी ताऱ्यांना आठ किरण दिसतात, ते तिच्या षट्कोनी आरशांमुळे आणि आधारदांड्यांमुळे. मोबाइलच्या छायाचित्रात शुक्राला किंवा दिव्याला एकाच दिशेने लांब शेपटी फुटली असेल तर धूमकेतूची आशा करण्याआधी भिंग पुसावे. बोटाच्या तेलकट ठशामुळे आणि समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेने बसलेल्या पुटामुळे असे झोत हमखास दिसतात.

नाभीयन चुकले की तारा बिंदू न राहता चकती होतो. परावर्तक दुर्बिणीत त्या चकतीच्या मधोमध काळे भोक दिसते, तर कॅमेऱ्यात तिला झडपेच्या आकाराचे कोन फुटतात. जास्तीत जास्त मोठे करून घेतलेल्या शुक्राच्या अशा थरथरत्या, रंगीत चकतीची चित्रफीत ‘अज्ञात यान’ म्हणून फिरते, तेव्हा दोष केवळ नाभीयनाचा असतो. संवेदकावर बसलेल्या धुळीची सावली काळसर कड्यासारखी दिसते आणि ती तेजोमेघातील पोकळी वाटू शकते. गाळणीतील परावर्तनाने तेजस्वी ताऱ्याभोवती गोल प्रभा दिसते. काही कॅमेऱ्यांत विद्युतमंडलाच्या उष्णतेने चित्राच्या कोपऱ्यात लालसर उजेड येतो आणि तो तेजोमेघ समजला जातो. एकसमान उजळलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेऊन ते मूळ चित्राशी ताडून पाहिले की धुळीची कडी उघडी पडतात.

संगणकाने रेखलेले आकाश

अलीकडच्या वर्षांत या यादीत एक नवा प्रकार आला आहे. मोबाइल आता केवळ प्रकाश टिपत नाही. टिपलेले चित्र तो स्वतःच ‘सुधारतो’. २०२३च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनवरून याविषयी जाहीर वाद झाला. मुद्दाम अस्पष्ट केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून ते या फोनने टिपले असता, मूळ चित्रात नसलेले बारकावे छायाचित्रात उमटल्याचे दाखवण्यात आले. चंद्र ओळखून त्याचे तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने उठावदार केले जातात, असे स्पष्टीकरण कंपनीने त्यानंतर दिले. अशा चित्राला शोभा असेल. निरीक्षणाचा पुरावा म्हणून त्याचे मोल नाही.

दुर्बिणीतून ग्रहांची चित्रे घेणारेही या मोहातून सुटत नाहीत. तपशील खुलवण्यासाठी चित्राची धार प्रमाणाबाहेर वाढवली की मंगळाच्या कडेला नसलेली प्रकाशरेषा आणि गुरूच्या उपग्रहांभोवती नसलेली कडी दिसू लागतात. म्हणून जाणकार मूळ, प्रक्रिया न केलेले चित्र जपून ठेवतात. सुधारित चित्रातील प्रत्येक नवी खूण मूळ चित्रात सापडली पाहिजे, अशी त्यांची अट असते.

वस्तू खरी, नाव चुकीचे

कधी कॅमेरा निर्दोष असतो. चूक नावात होते. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्रासह मध्य भारतात हजारो लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या गोळ्यांची रांग पाहिली आणि मोबाइलवर टिपली. उल्कावर्षाव झाल्याची बातमी पसरली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडलेले आढळले. ती उल्का नव्हती. चीनच्या ‘चँग झेंग ३ बी’ या अग्निबाणाचा टप्पा वातावरणात परतला होता, असे अंतराळ अभ्यासकांनी त्याच्या मार्गावरून दाखवून दिले. उल्का बहुधा काही क्षणांत संपते. परतणारा अग्निबाण सावकाश, तुकडे होत, आकाशभर चालतो. चित्रफितीतील हा कालावधीच निर्णायक ठरतो.

जाणकारही यातून सुटत नाहीत. मार्च २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनचे विश्वरचनाशास्त्रज्ञ पीटर डन्सबी यांनी धनू राशीतील तेजोमेघांजवळ एक अतिशय तेजस्वी नवी वस्तू दिसल्याची सूचना जगभरच्या खगोलज्ञांना पाठवली. ती वस्तू मंगळ होती! लक्षात येताच त्यांनी दुरुस्तीची सूचनाही तितक्याच तत्परतेने पाठवली. डिसेंबर २०२० मध्ये अतिदूरच्या एका दीर्घिकेत क्षणिक स्फोट दिसल्याचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी पोलंडमधील संशोधकांनी, त्या वेळी त्या जागेवरून रशियन अग्निबाणाचा निकामी टप्पा जात होता, असे दाखवले. कृत्रिम उपग्रहांची संख्या हजारोंच्या घरात गेल्याने असे प्रसंग वाढणार आहेत. मुंबईकराला त्यात विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानांची आणि सणासुदीला उडवल्या जाणाऱ्या कागदी दिव्यांचीही भर सोसावी लागते.

दोन कॅमेऱ्यांची साक्ष

या सर्व शंकांमधून खरे शोध कसे तरून जातात? ३ जून २०१० रोजी ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली यांच्या चित्रफितीत गुरूवर एक क्षणिक चमक दिसली. एकट्या चित्रफितीवर शंका घेता आली असती. परंतु त्याच क्षणी फिलिपिन्समधील ख्रिस्तोफर गो यांच्याही कॅमेऱ्यात, गुरूच्या त्याच जागी, तीच चमक नोंदली गेली होती. दोन देश, दोन दुर्बिणी, दोन संवेदक आणि एकच घटना. संशयाला जागाच उरली नाही.

त्याहून बोलके उदाहरण अर्जेंटिनातील व्हिक्टर बुसो यांचे आहे. कुलपांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करणारे हे गृहस्थ २० सप्टेंबर २०१६ रोजी रोझारिओ शहरातील आपल्या घराच्या छपरावरून नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. दीर्घिका ‘एनजीसी ६१३’ची लागोपाठ छोटी छोटी चित्रे त्यांनी घेतली. आधीच्या चित्रांत नसलेला एक ठिपका नंतरच्या चित्रांत आला आणि उजळत गेला. तो हॉट पिक्सेल असता तर आधीही असता. विश्वकिरण असता तर पुढच्या चित्रात नसता. उपग्रह असता तर सरकला असता. त्यांनी इतरांना कळवले. तो ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी आरंभीचा प्रकाश होता आणि २०१८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात बुसो यांचे नाव सहलेखक म्हणून आले. शहराच्या उजेडातून, घराच्या छपरावरून हे घडले, ही बाब मुंबईकरांना उत्साह देणारी आहे.

ठिपका दिसला तर…

छायाचित्रात अनोळखी ठिपका आढळल्यास पुढील क्रमाने तपासणी करावी :

* कॅमेरा किंचित हलवून लगेच दुसरे छायाचित्र घ्यावे. ठिपका तेजस्वी वस्तूच्या उलट दिशेला सरकला तर ती भूतप्रतिमा.
* पाच-दहा मिनिटांनी तिसरे छायाचित्र घ्यावे. ताऱ्यांबरोबर न सरकणारा ठिपका संवेदकाचा.
* टोपण लावून तेवढ्याच वेळेचे छायाचित्र घ्यावे.
* भिंग पुसून आणि खिडकी उघडून पुन्हा पाहावे.
* मूळ, प्रक्रिया न केलेले चित्र, वेळ आणि स्थळ यांची नोंद जपावी.
* ताऱ्यांचा नकाशा, ग्रहांची स्थिती, ज्ञात लघुग्रह आणि त्या वेळचे उपग्रहांचे मार्ग ताडून पाहावेत.
* शक्य असल्यास दुसऱ्या ठिकाणच्या निरीक्षकाला त्याच वेळी, त्याच दिशेला पाहण्यास सांगावे.

या सर्व कसोट्यांतून पार पडलेला ठिपका असेल तरच पुढचे पाऊल टाकावे. लघुग्रह आणि धूमकेतूंच्या स्थितींची नोंद अमेरिकेतील ‘मायनर प्लॅनेट सेंटर’ ठेवते आणि नव्या लघुग्रहासाठी एकाहून अधिक रात्रींची निरीक्षणे आवश्यक मानते. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांसाठी २०१६ पासून आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाची स्वतंत्र नोंदव्यवस्था आहे. त्याआधी स्थानिक जाणकारांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. मुंबईत या विषयाची परंपरा आहे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्यरत आहे. ‘खगोल मंडळा’च्या वांगणी येथील रात्रभराच्या आकाशदर्शन कार्यक्रमांतून अनेकांनी पहिल्यांदा नक्षत्रे ओळखली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची. नक्षत्रांची ओळख नसलेल्याला प्रत्येक ठिपका नवा वाटतो. ती ओळख असलेल्याला नवा ठिपका खरोखर नवा असेल तेव्हाच नवा वाटतो.

शोधाचे श्रेय पहिल्या सूचनेला मिळते, हे खरे. त्यामुळे घाई करण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु वर सांगितलेल्या बहुतेक तपासण्यांना दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि त्यांतील पहिल्या चारांसाठी एक पैसाही खर्च होत नाही. संवेदकातील दोष ओळखता आला म्हणजे शोध हुकला, असे मानण्याचेही कारण नाही. आपल्या कॅमेऱ्याचे सगळे खोटे तारे ज्याला पाठ आहेत, त्यालाच एखाद्या रात्री त्यांत न बसणारा एखादा खरा तारा ओळखता येईल.